वज्रेश्वरीला माझे डोळे आले

भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये मी मॅनेजर आहे. आमच्याकडे एका दाराने माल येतो आणि दुसऱ्या दाराने जातो. येणारा माल एक काका बघतात, जाणारा माल एक मॅडम बघतात. काका रिटायरमेंटला टेकलेले, अंगाने सडपातळ, बोलण्यात तिरके. मॅडम धामणकर नाक्याच्या, पस्तिशीतल्या. त्या रागावल्या की ट्रकचे ड्रायव्हरसुद्धा हॉर्न वाजवायचे थांबतात. त्या दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

कारण अगदी साधं होतं. मॅडमनी एकदा काकांच्या बाजूला ठेवलेले खोके आपल्या सोयीने हलवले. काका म्हणाले, "मॅडम, हे गोडाऊन आहे, तुमच्या घरचं फडताळ नाही." त्या दिवसापासून मॅडम काकांना काही सांगायचं झालं तर फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला सांगत. "त्यांना सांग, तिसऱ्या रांगेतला माल मोकळा करा." काका दोन हातांवर उभे असत. तेही त्यालाच म्हणत, "त्यांना सांग, ऐकू आलं." बिचारा फोर्कलिफ्टवाला वज्रेश्वरीकडच्या गावातला, लग्न नुकतंच झालेलं. तो मला म्हणाला, "सायब, घरी पन आये नि बायकोमंदी मी हेच काम करतो. हितं तरी सोडवा."

मी सोडवायचं ठरवलं. माझ्याकडून काही सुटत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणायला हरकत नाही. घरच्यांना माहीत होतं.

त्याच सुमारास हेड ऑफिसने सगळ्या मॅनेजरांना ठाण्याच्या एका हॉटेलात ट्रेनिंगला बोलावलं. शिकवणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याचं म्हणणं असं, की माणसं छपराखाली सहकारी असतात आणि आभाळाखाली टीम होतात. मला हे वाक्य इतकं आवडलं की मी परतताना रिक्षावाल्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, "साहब, हम तो रोज आसमान के नीचे ही हैं." मी ते मनावर घेतलं नाही.

मग मी तयारीला लागलो. शिट्टी घेतली, टोपी घेतली, रस्सीखेचीसाठी जाड दोर घेतला. तब्येत सुधारायच्या एका जुन्या संकल्पात घेतलेले डोंगर चढायचे बूट माळ्यावर होते, ते काढले. एकदाही न वापरल्यामुळे ते कोरे करकरीत दिसत होते. बायकोची काळी ओढणी मागून घेतली. ती म्हणाली, "कशाला?" मी म्हणालो, "डोळ्यांना बांधायला. विश्वासाचा खेळ आहे." ती म्हणाली, "मग धुऊन परत आण," आणि आत गेली.

थंडीतल्या एका रविवारी आम्ही दिवसपाळीचे बाराचौदा जण मिनीबसने वज्रेश्वरीला निघालो. जागा फोर्कलिफ्टवाल्यानेच सुचवली होती. बसमध्ये काका पहिल्या सीटवर बसले, मॅडम शेवटच्या. मी मधे उभा राहून टीम म्हणजे काय यावर बोलत होतो. अंबाडी गाव मागे पडेपर्यंत निम्मे लोक झोपले होते.

अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांजवळ नदीकाठी मोकळी जागा आहे. तिथे उतरलो. बायकांनी डबे सावलीत ठेवले. लोडिंगचे मुकादम, उत्तर प्रदेशातून येऊन आयुष्य भिवंडीत काढलेला एक दांडगा माणूस, एका दगडावर बसून ऊन खाऊ लागले. सगळे इतके सुखात दिसत होते की शहाण्या माणसाने तिथेच थांबायला हवं होतं. मी शिट्टी वाजवली.

खेळ असा होता: एकाने डोळे बांधायचे, दुसऱ्याने लांबून फक्त आवाजाने त्याला वाट दाखवायची. मी जाहीर केलं, "पहिली जोडी, काका आणि मॅडम."

काका म्हणाले, "मला मोतीबिंदू झालाय. मला बांधून काय, न बांधून काय."

मॅडम म्हणाल्या, "साहेब, आधी तुम्ही करून दाखवा ना. आम्हाला समजेल तरी."

हा सापळा आहे हे मला ओळखता आलं नाही. पुढाकार घेणारा मॅनेजर म्हणून मी ओढणी बांधली, चांगली दोन वेढे देऊन, आणि मॅडमना म्हणालो, "आता तुमच्या आवाजावर मी निघालो."

सुरुवातीला मजा वाटली. "सरळ या, थोडं डावीकडे, आता उजवीकडे." मी हात पुढे करून, पाय चाचपडत चाललो. मग मॅडमना कुणाचा तरी फोन आला. "हो गं, कुकरची शिट्टी काढून ठेव," असं ऐकू आलं. तेही मी वाट दाखवण्याचाच भाग समजून चालत राहिलो. पायाखाली दगड ओले लागू लागले, पाण्याची वाफ गालाला लागली आणि माझा गुडघा एका गाठोड्यावर आपटला.

"अगो बाय!" एका म्हाताऱ्या बाईमाणसाचा आवाज आला. "सांबाल बाबा, पुढं कुंड हाय. दिसत न्हाय क काय तुला?" आणि मग अगदी हळू, "डोलं बांदल्यात गो ह्याचं. गेलं वाटतं डोलं."

एका खरखरीत हाताने माझं मनगट धरलं. मी वाट बघत उभा राहिलो, की आता माझ्या माणसांपैकी कुणीतरी सांगेल. पावलं जवळ आली. काकांचा खाकरण्याचा आवाज ओळखू आला.

"हो आजी," काका गंभीरपणे म्हणाले, "डोळ्यांचंच दुखणं."

मी हसणार होतो. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "कॉम्प्युटरमुळे झालं, आजी. दिवसभर त्याच्यातच बघत बसायचे."

"आमच्याकडे कधी बघितलंच नाही," काका म्हणाले.

"उन्हाळ्यात पंखा बंद पडला, ते पण नाही दिसलं."

"ते तर डोळे चांगले असताना."

आजी चुकचुकल्या. फोर्कलिफ्टवाल्याचा आवाज आला, "मानूस लय चांगला हाय आजी. खोटं न्हाय सांगत. पन कुठं चाललाय तेच त्याला कलत न्हाय." मागे कुणीतरी तोंड दाबून हसलं.

ओढणी काढायला हात वर गेला होता. तो मी खाली घेतला. खरं सांगायचं तर मला राग आला होता. पंख्याचं त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी "बघतो" म्हणालो होतो, तेही आठवलं. पण दुसरंही एक लक्षात आलं. काका आणि मॅडम एकाच्या वाक्याला दुसऱ्याचं वाक्य जोडत होते. हे मी इतक्या महिन्यांत ऐकलं नव्हतं. ट्रेनिंगमध्ये त्या मुलाने सांगितलं होतं, की टीमला सूर सापडला की मॅनेजरने मध्ये पडू नये. त्या सुराचं गाणं माझ्यावरच असेल, हे त्याने सांगितलं नव्हतं. मी गप्प राहिलो. माझ्या भित्रेपणाला मी त्या वेळी नेतृत्व समजलो.

आजींनी मला कुंडाच्या काठावर बसवलं. माझे बूट-मोजे त्यांनी सुनेकडून काढवून घेतले. "ही माझी सून. लाजू नको, तुला कुठं दिसतंय," असं वर म्हणाल्या. त्या गुडघ्यांसाठी आल्या होत्या. पलीकडच्या गावच्या, भाताची शेती, हे त्या बोलता बोलता सांगत होत्या आणि तांब्याने माझ्या पायांवर पाणी ओतत होत्या. पाणी भलतंच कडक होतं. मी ओरडलो. "वरड, वरड," आजी म्हणाल्या, "बरं व्हताना दुखतंच." मग ओला हात त्यांनी माझ्या कपाळावर, ओढणीवरून डोळ्यांवर फिरवला. तो हात फिरत असताना मला फार लाज वाटली. माझी आई गेल्यापासून माझ्या कपाळावर कुणी असा हात ठेवला नव्हता. आणि ज्यासाठी ठेवला होता ते खोटं होतं.

मी ठरवलं, आता सांगायचं. तोंड उघडलं, तेवढ्यात आजींनी दोन्ही हात जोडले असावेत, कारण तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आये वज्रेश्वरी," त्या मोठ्याने म्हणाल्या, "ह्या लेकराला दिसू दे. मी तुझ्या पायऱ्या चढून, नारल घेऊन येईन."

"आत्याबाय!" सून घाबरली. "काय बोलून बसलात? घरचा उंबरा वलांडवत न्हाय तुम्हाला. देवलाच्या पायऱ्या कशा चढाल?"

माझ्या माणसांचं हसणं एकदम थांबलं. मी ओढणी ओढून काढली.

"आजी, मला दिसतंय!" मी म्हणालो. पुढचं वाक्य "आधीपासूनच दिसत होतं" असं होतं. ते कुणीही ऐकलं नाही.

समोर एक ठेंगणी, काटक म्हातारी होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, तोंडात मोजके दात. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने अख्ख्या कुंडाला ऐकू जाईल असा आवाज दिला, "डोलं आलं! ह्याचं डोलं आलं!"

त्याबरोबर निम्मी माणसं आमच्याकडे धावली आणि निम्मी पोरांना उचलून लांब पळाली. डोळ्यांची साथ आली असं त्यांना वाटलं. धावलेल्यांपैकी एकाने आपल्या आईला आणून मी बसलो होतो नेमक्या त्याच दगडावर बसवलं. दुसरा मला विचारू लागला, किती वेळ पाय सोडून बसलात, उपाशीपोटी का जेवून? मी "नाही हो, तसं नाही," म्हणत राहिलो. एक बाई माझ्या पायांना हात लावायला वाकल्यावर मी दगडावर उभा राहिलो आणि शिट्टी वाजवली. दिवसभरात त्या शिट्टीचा तेवढाच उपयोग झाला.

"हा खेळ होता," मी सगळ्यांना सांगितलं. "माझे डोळे चांगले आहेत. आधीपासून चांगले आहेत. ही माझ्या ऑफिसची माणसं आहेत."

लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत पांगले, ती इथे लिहिण्यासारखी नाही. आजी मात्र हलल्या नाहीत.

"खेल?" त्या म्हणाल्या.

"हो आजी. चुकलं आमचं."

तेव्हा काका पुढे आले. "चूक माझी आहे आजी. मी सुरुवात केली."

"नाही," मॅडम मध्येच म्हणाल्या, "यांनी नुसतं दुखणं म्हटलं. कॉम्प्युटरचं मी सांगितलं."

"पण आधी मी बोललो ना?"

"तुम्ही बोललात, पण वाढवलं मी. तुम्ही कशाला अंगावर घेताय?"

"मॅडम, वयाने मोठा मी आहे."

"वयाचा काय संबंध, काका?"

फोर्कलिफ्टवाला माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होता. ते दोघं थेट एकमेकांशी बोलत होते आणि त्याची गरज कुणालाच नव्हती.

आजींनी हात वर करून दोघांना गप्प केलं. "भांडू नका. मी देवीला काय सांगितलं? ह्याला दिसू दे. ह्याला दिसतंय का?"

"दिसतंय," मी म्हणालो.

"मग झालं. मला जायाला लागंल."

आम्ही खूप समजावलं. सुनेने समजावलं. काका म्हणाले, देवीला सगळं कळतं, ती असं धरून बसणार नाही. आजी म्हणाल्या, "तिला कलतं म्हनूनच जायाचं. तुमच्यासारका खेल मला तिच्यासंगं खेलायचा न्हाय." शेवटी आजींना आणि सुनेला आम्ही मिनीबसमध्ये घेतलं आणि देवळाकडे निघालो. आजींना पहिली सीट मिळाली. काका मागे गेले आणि शेवटच्या सीटवर, मॅडमच्या शेजारी बसले. दोघं दबक्या आवाजात काहीतरी ठरवत होते. मी कान दिला, पण मला बोलावलं नाही.

वज्रेश्वरीचं देऊळ उंचावर आहे आणि पायऱ्या चांगल्या दगडी, रुंद आहेत. धडधाकट माणूस बोलत बोलत चढून जातो. आजींनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरा उचलला आणि कठडा धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडावरून दिसत होतं, की त्या मागे फिरणार नाहीत आणि वरही पोचणार नाहीत.

"खुर्ची," मॅडम म्हणाल्या.

खाली चहाच्या दुकानात प्लॅस्टिकची खुर्ची होती. मुकादमांनी तिच्यावर हात दाबून बघितला. "ये नहीं चलेगी. टांग फैल जाएगी." हार-फुलांच्या दुकानातून नारळ घेतला, तिथेच लोखंडी खुर्चीही मिळाली. काकांनी बसमधून माझा रस्सीखेचीचा दोर आणला आणि मॅडमनी तो आजींच्या कमरेभोवती, खुर्चीच्या पाठीला, मधे स्वतःची शाल घालून बांधला.

"मला गोनीसारकी बांदताय क काय?" आजी म्हणाल्या.

"आजी, आमचा धंदाच तो," काका म्हणाले. "आमच्याकडचा माल फुटत नाही."

"मागच्या महिन्यात फुटला होता," मॅडम म्हणाल्या.

"तो तुमच्या बाजूला फुटला."

पण हात थांबले नव्हते. खुर्चीला पुढून दोघे, मागून दोघे. मागून मुकादम आणि फोर्कलिफ्टवाला, कारण मागच्यांना जास्त उचलावं लागतं. पुढून एक लोडर आणि एक मी. मी स्वतःहून गेलो होतो. काका वरच्या पायरीवर, आमच्याकडे तोंड करून, उलटे चढत होते. मॅडम बाजूला, आजींचा हात धरून, नजर मागच्यांच्या पायांवर.

"उचला. चला. एक पायरी," काका म्हणत. "पुढची रुंद आहे."

"काका, थांबवा! मागे यांचा पाय नीट बसला नाही."

"थांबा. मॅडम, झालं का?"

"झालं. चला."

चौथी का पाचवी पायरी असेल. माझ्या उजव्या बुटाखाली काहीतरी मऊ मऊ लागलं. बघतो तर तळवा पुढून सुटून जिभेसारखा लोंबत होता. इतकी वर्षं माळ्यावर पडून गोंद मेला होता. मी तो पाय उंच उचलून टाकू लागलो, तशी खुर्ची एका बाजूला कलली आणि आजींनी देवीच्या आधी माझं नाव घेतलं. म्हणजे नाव नाही, "अरे मेल्या" म्हणाल्या. मग डाव्या बुटाचाही तळवा सुटला.

"साहब," मुकादम मागून शांतपणे म्हणाले, "आप नारियल पकड़ो."

माझ्या जागी फोर्कलिफ्टवाल्याचा एक जोडीदार आला. मी नारळ घेतला आणि बाजूने, फटक फटक आवाज करत चढू लागलो. खुर्ची आता पाण्यावरच्या होडीसारखी सरळ चालली होती. दर्शन घेऊन उतरणारे लोक बाजूला होऊन वाट देत होते. त्यातल्या एकाने मला विचारलं, "तुमच्या आई का?" मी काही म्हणायच्या आत मुकादम म्हणाले, "हम सबकी है."

वर पोचायला थोड्या पायऱ्या उरल्या तेव्हा आजींनी खुर्ची खाली ठेवायला लावली. "सोडा दोर. पुढं मी चालनार. नवस मी बोललेय, तुमी न्हाय." एका बाजूने मॅडम, दुसऱ्या बाजूने काका. मधे त्या. पायरीवर एक पाय ठेवायचा, थांबायचं, दुसरा आणायचा. सून मागे डोळे पुसत होती. आम्ही सगळे खालच्या पायऱ्यांवर उभे होतो. शेवटची पायरी चढल्यावर आजी वळल्या आणि आमच्याकडे बघून बोळकं पसरून हसल्या. मुकादमांनी मान दुसरीकडे फिरवली. मीही नारळाकडे बघत राहिलो.

गाभाऱ्यासमोर त्यांनी मला पुढे घेतलं, मान धरून वाकवलं आणि देवीला माझी ओळख करून दिली, "हा तोच गो." त्यानंतर त्या देवीशी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

उतरताना खुर्ची अधिक सोपी गेली असं सगळे म्हणाले. मला माहीत नाही, मी अनवाणी होतो आणि खडे चुकवत होतो. आजींना आणि सुनेला त्यांच्या गावाच्या फाट्यापर्यंत मिनीबसने सोडलं. उतरताना त्यांनी मॅडमच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, काकांना "पोरीला बोलू नको" म्हणून दम भरला, आणि मला म्हणाल्या, "चपला घे रं आता."

माझे बाकीचे खेळ तसेच राहिले. कुणी आठवणही काढली नाही. फाट्याजवळच्या एका आंब्याखाली आम्ही गार झालेले डबे उघडले. काकांच्या डब्यातलं वालाचं बिरडं मॅडमनी विचारल्याशिवाय घेतलं. परतीच्या वाटेवर अख्ख्या बसमध्ये माझी आंधळी चाल, माझं गरम पाण्यातलं ओरडणं आणि माझे बूट, यांचे पुन्हा पुन्हा प्रयोग झाले. आवाज फोर्कलिफ्टवाला काढत होता, अभिनय मुकादम करत होते. मी पुढच्या सीटवर बसून हसत होतो. निम्मं हसू खरं होतं. बाकीच्या निम्म्यात मी पंख्याचा विचार करत होतो.

सोमवारी मी सगळ्यात आधी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. थंडीत पंखा दुरुस्त होताना बघून सगळे माझ्याकडे काळजीने बघू लागले. त्यानंतर दहा वाजता आतून जोरात आवाज आला. काका आणि मॅडम त्यांच्या दोन बाजूंमधल्या पिवळ्या पट्ट्यावर समोरासमोर उभे राहून भांडत होते. मधे कुणी निरोप्या नाही, आवाजाला काही धरबंध नाही. तिसऱ्या रांगेतले खोके कुणी हलवायचे यावरून ते तुंबळ चाललं होतं. पूर्वीची शांतता मला फार आठवली.

मी केबिनमधून धावत गेलो. दोघांच्या मधे उभा राहिलो, हात पसरले आणि म्हणालो, "एक मिनिट. आपण एक टीम आहोत ना?"

"साहेब," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही यात पडू नका."

"हो," काका म्हणाले, "तुम्ही जा. आमचं चाललंय ते चालू दे."

मी गेलो.